न भेटण्याचा हक्क

भिवंडीत राहणाऱ्या माणसाला बदनामी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. मुंबईत नोकरीच्या मुलाखतीला जा, नात्यात कुणाला स्थळ सुचवा, ऑफिसातल्या मैत्रिणीला घरी जेवायला बोलवा. गावाचं नाव ऐकलं की समोरचा जरा थबकतो. मग एकतर दंगलीचं विचारतो, नाहीतर खड्ड्यांचं. खड्ड्यांवर माझ्याकडे उत्तर नाही. दंगलीवर होतं, आणि कॉलेजात असल्यापासून ते मी ऐकवत आले.

ते उत्तर असं. मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भिवंडी पेटली. जळगाव आणि महाडलाही त्याच सुमारास दंगे झाले आणि तिन्हींची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. मे 1984 मध्ये पुन्हा पेटली. पण डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. ते आपोआप झालं नव्हतं. सुरेश खोपडे नावाचे पोलीस अधिकारी 1988 च्या सुमारास इथे उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. पुढाऱ्यांना आणि दादा लोकांना बाजूला ठेवून दुकानदार, मागवाले, मास्तर, साधी माणसं दोन्ही समाजांतून सारख्या संख्येने घेतली, आणि बीटवरच्या हवालदाराला त्यांच्यासोबत नियमित बसवलं. गटाराच्या तक्रारीपासून भोंग्याच्या वेळेपर्यंत सगळं तिथे बोललं जाई. मुंबईत नंतर ज्या मोहल्ला कमिट्या झाल्या त्यांची मूळ तालीम आमच्या गावात झाली, हे मी छाती पुढे काढून सांगायची.

माझे बाबा अशा एका कमिटीत होते. ते एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहायचे. पाळी सुटल्यावर शाळेच्या व्हरांड्यात बैठक असली की घरी यायला उशीर व्हायचा आणि आई आधी चिडायची, मग काय झालं ते सविस्तर विचारायची. पलीकडच्या गल्लीतले एक चाचा त्याच कमिटीत होते. त्यांचं आणि बाबांचं पहिलं वर्षभर कुठल्याच मुद्द्यावर पटलं नाही, असं बाबा सांगत. पण त्या वर्षभरात ते शेजारी शेजारी बसून चहा पीत राहिले, आणि डिसेंबर 92 मध्ये अफवा उठली तेव्हा बाबांनी आधी त्यांच्याकडेच माणूस पाठवला.

या गोष्टीतून मी एक नियम काढला. माणसाची भीती अनोळखीपणातून येते. जाऊन भेटा, भीती जाते. नियम इतका सोपा होता आणि माझ्या घरातच सिद्ध झालेला होता की त्यावर शंका घेण्याचं कारण नव्हतं. पुढे मी कमवायला लागले. अंजूर फाट्याजवळच्या एका गोदामाच्या ऑफिसात बिलिंग बघते. दिवाळीनंतर माल जरा ओसरला की पाठीवर सॅक टाकून एकटीने फिरायची सवय लागली. ठिकाण निवडायची माझी पद्धत सरळ होती: लोक जिथे जाऊ नको म्हणतील तिथे जायचं. भामरागडला गेले, नागालँडच्या मोन जिल्ह्यात गेले. प्रत्येक वेळी परत येऊन तेच सांगायचं, की लोक चांगले आहेत, काही भीती नाही, तुम्ही उगाच घाबरता. बोलायचे मोनबद्दल, पण बाजू भिवंडीची मांडत असे, हे माझ्या बहिणीने माझ्या आधी ओळखलं होतं.

नोव्हेंबर 2018 मध्ये जॉन ॲलन चाऊ हा अमेरिकन तरुण अंदमानातल्या उत्तर सेंटिनेल बेटावर धर्मप्रचारासाठी गेला आणि मारला गेला. मच्छिमारांना पंचवीसेक हजार रुपये देऊन तो चोरून गेला होता. त्या आठवड्यात ऑफिसात डबा खाताना सगळे त्याला वेडा म्हणत होते. मीही म्हटलं. पण त्याच दमात मी सरकारलाही दोष दिला. ही माणसं 2018 साली धनुष्यबाण घेऊन का फिरतात? त्यांना लस नाही, शाळा नाही, आपण त्यांना जिवंत संग्रहालय करून ठेवलंय. कुणीतरी नीट, सबुरीने जायला हवं, त्यांच्याशी ओळख करायला हवी. मला वाटतं मी मोहल्ला कमिटीचाही उल्लेख केला. आणि त्याच हिवाळ्यात अंदमानचं तिकीट काढलं. उत्तर सेंटिनेलला जाण्याचा विचार अर्थातच नव्हता, जीव प्यारा होता. पण ज्या बेटांची दहशत घातली जाते ती बघायची, जमेल तितकं आत जायचं, आणि परत येऊन सगळ्यांना सांगायचं की काही नसतं.

काही नसतं, हे एका अर्थी खरं निघालं. एकट्या बाईसाठी अंदमान हे मी पाहिलेल्या सगळ्यांत निर्धास्त ठिकाणांपैकी एक आहे. रात्री अकराला कल्याण स्टेशनच्या बाहेर रिक्षा शोधताना जितकी जागरूक असते त्याच्या निम्मीही मला ॲबर्डीन बाजारात राहावं लागलं नाही. पोर्ट ब्लेअरला (सप्टेंबर 2024 पासून त्याचं नाव श्री विजयपुरम झालं) लॉजवाल्याने ‘अकेली?’ एवढंच विचारलं आणि खोलीची किल्ली दिली. बेटांवर हिंदी सगळ्यांना येते, कारण शेजारच्याची भाषा कुणालाच येत नाही: बंगाली, तमिळ, तेलुगू, रांचीवाले, ब्रह्मदेशातून आणलेले कॅरन, आणि जन्मठेपेच्या कैद्यांचे वंशज, ज्यांना तिथे ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. तेव्हा चेन्नईहून येणारी समुद्राखालची केबल झाली नव्हती, ती ऑगस्ट 2020 ला सुरू झाली. इंटरनेट असून नसल्यासारखं. फिनिक्स बे जेट्टीवर बोटीच्या तिकिटासाठी तास तास रांगेत उभं राहायचं आणि मागच्या-पुढच्यांशी गप्पा मारायच्या, हाच प्रवासातला निम्मा वेळ. खारफुटीच्या कडेने मगरीच्या पाट्या आहेत, त्या मात्र मनावर घ्याव्यात. तिथली मगर खाऱ्या पाण्यातली असते आणि आपला फोटो काढून घ्यायला थांबत नाही.

सेल्युलर जेल पाहिलं. मराठी माणूस आणखी कुठे जाणार? सावरकर 1911 मध्ये तिथे पोहोचले आणि 1921 पर्यंत होते. थोरले बंधू बाबाराव त्यांच्याही आधी. ‘माझी जन्मठेप’ आमच्या घरात होतं. तुरुंगाच्या मूळ सात शाखांपैकी आता तीनच उरल्यात. महाराष्ट्रातून येणाऱ्या सहलींचं अंदमान बहुतेक तिथे सुरू होऊन तिथेच संपतं. उरलेले दिवस समुद्रकिनारा. मीही डोळे पुसत बाहेर आले. पण मग गावात हिंडताना 1859 च्या ॲबर्डीनच्या लढाईचं छोटं स्मारक दिसलं, ज्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

1857 चं बंड मोडल्यावर मार्च 1858 मध्ये इंग्रजांनी पहिले दोनशेच्या आसपास कैदी या बेटांवर आणले आणि त्यांच्याकडून जंगल तोडून घ्यायला सुरुवात केली. ते जंगल कुणाचं तरी होतं. ग्रेट अंदमानी लोकांच्या दहा जमाती तिथे राहत होत्या. मे 1859 मध्ये ते वसाहतीवर चालून आले, धनुष्यबाण विरुद्ध बंदुका. त्यांच्यात राहिलेल्या दूधनाथ तिवारी या पळालेल्या कैद्याने इंग्रजांना आधीच खबर दिली होती. हल्ला फसला. माझ्या डोक्यात तोवर काळं पाणी म्हणजे इंग्रज आणि आपण, एवढीच दोन पात्रं होती. आपल्या माणसांना जिथे बेड्या घालून नेलं, ते तिसऱ्याच कुणाचं तरी घर होतं. आपली माणसं तिथे स्वखुशीने गेली नव्हती हे खरं. पण ज्याचं जंगल तुटत होतं त्याला कुऱ्हाड स्वखुशीने चाललीय की सक्तीने, याने काय फरक पडणार होता?

(आणखी एक जोड मला तिथे उभ्या उभ्या लागली. त्याच 57 नंतर उत्तरेतले मोमीन विणकर इंग्रजांच्या जाचापायी गावं सोडून निघाले आणि मजल दरमजल करत मालेगावला, भिवंडीला पोहोचले. भिवंडीचा माग ज्यांच्यामुळे वाढला ते हे लोक. एकाच बंडातून काहींच्या वाट्याला अंदमान आलं आणि काहींच्या वाट्याला आमचं गाव.)

लढाईनंतर इंग्रजांनी धोरण बदललं. मारण्याऐवजी मैत्री करायची ठरलं. 1863 पासून ‘अंदमान होम’ नावाची घरं उघडली, तिथे ग्रेट अंदमानी लोकांना आणून खाऊपिऊ घालायचे, तंबाखू द्यायचे, माणसाळवायचे. म्हणजे शांततेने, सबुरीने ओळख करून घ्यायचे. डबा खाताना मी जे सुचवत होते, नेमकं तेच. त्या घरांतून उपदंश पसरला, 1877 मध्ये गोवराची साथ आली. 1858 मध्ये जे लोक काही हजार होते ते 1901 च्या जनगणनेत 625 उरले आणि 1961 मध्ये 19. बो भाषा बोलणारी शेवटची बाई, बोआ सीनियर, 26 जानेवारी 2010 ला वारली. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी तिचं बोलणं, गाणं ध्वनिमुद्रित करून ठेवलं आहे. तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं शेवटी कुणीच नव्हतं.

हे आकडे मला तिथे माहीत नव्हते, परत आल्यावर वाचले. मत बदलायला सुरुवात मात्र आधीच झाली होती, एका बसमध्ये.

पोर्ट ब्लेअरहून उत्तरेला मायाबंदर, दिगलीपूरकडे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा या आदिम जमातीच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या चौकीपाशी पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. चहा-वड्याच्या टपऱ्या, फॉर्म भरणं, ओळखपत्र. मोठ्या पाट्या: फोटो काढू नये, खायला देऊ नये, थांबू नये, ओव्हरटेक करू नये. ठराविक वेळी पोलिसांसोबत गाड्यांचा ताफा सुटतो आणि पन्नासेक किलोमीटर जंगलातून मिडल स्ट्रेटच्या जेट्टीपर्यंत जातो. मी सरकारी बसमध्ये होते. अर्धी बस गावी चाललेल्या लोकांची, ती झोपली. उरलेली अर्धी आम्हा पर्यटकांची, ती जागी. माझ्या पुढच्या सीटवरच्या माणसाने मोबाइल शर्टात असा धरला होता की फक्त कॅमेरा बाहेर राहावा. कंडक्टर खिडक्या लावा म्हणून दोनदा ओरडला. एका वळणावर कुणीतरी ‘जारवा, जारवा’ म्हणालं आणि सगळी बस डावीकडे कलली. मीही उठले.

रस्त्याच्या कडेला एक माणूस दगडावर बसला होता. काळासावळा, उघडा, घामाने चमकणारा. शेजारी घमेलं आणि फावडं. रस्त्याच्या कामावरचा मजूर होता तो, रांचीकडच्या कुणाचा तरी नातू असावा. त्याने वर पाहिलं, खिडक्यांना चिकटलेले आमचे चेहरे पाहिले आणि मान वळवून घेतली. त्याला हे रोजचंच असणार. बसमध्ये हशा पिकला. ‘अरे, हा तर आपलाच निघाला.’

मला हसू आलं नाही. नाशिक हायवेवरून जाणाऱ्या गाड्यांतून आमच्या गावाकडे बोट दाखवणारे लोक मी पाहिलेत, ते काय बोलत असतील हे मला ठाऊक आहे. तरीही मी उठले होते. भेटायला जाते, ओळख करायला जाते, असं जे मी स्वतःला सांगत होते त्यातली ओळख त्या बसमध्ये कुठे होती? खिडकीच्या आतून कुणी कुणाला भेटत नाही. खरा जारवा दिसला असता तर मी त्याला काय सांगणार होते, भिवंडीची आहे म्हणून?

जारवांची गोष्ट सेंटिनेलींपेक्षा जास्त बोलकी आहे, कारण ती आपल्या डोळ्यांसमोर घडली. शंभरावर वर्षं त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. इंग्रजांनी त्यांच्याविरुद्ध ‘बुश पोलिस’ उभे केले होते, ते स्वातंत्र्यानंतरही राहिले. रस्ता बांधणाऱ्या मजुरांवर जारवांचे बाण चालत. 1996 मध्ये त्यांच्यातला एक मुलगा पाय मोडलेल्या अवस्थेत सापडला. त्याच्यावर पोर्ट ब्लेअरच्या इस्पितळात काही महिने उपचार झाले आणि तो परत गेला. ऑक्टोबर 1997 पासून जारवा बाण न घेता दिवसाउजेडी कदमतलाच्या जेट्टीवर यायला लागले. त्यांची दहशत संपली. माझ्या नियमाप्रमाणे इथून पुढे सगळं चांगलं व्हायला हवं होतं. 1999 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. पान, तंबाखू, दारू पोहोचली. जानेवारी 2012 मध्ये ब्रिटनच्या ‘ऑब्झर्व्हर’ने एक चित्रफीत बाहेर आणली, तिच्यात जारवा बायकांना खाण्याच्या बदल्यात पर्यटकांसमोर नाचायला सांगितलं जात होतं. जंगलात जनावरांची असते तशी माणसांची सफारी. जोवर ते ‘धोकादायक’ होते, तोवर हे करायची कुणाची हिंमत नव्हती.

एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला वेळ लागला, कारण मी प्रत्येक बदनामीकडे आमच्या गावाच्या बाजूने बघत होते. आमची बदनामी आमच्यावर बाहेरून लादलेली आहे आणि तिचा आम्हाला तोटाच होतो. जारवांना त्यांच्या दहशतीचा फायदा होत होता. ते त्यांच्या घराचं एकमेव लावलेलं दार होतं. काळ्या पाण्याची दहशत आणखी तिसऱ्या प्रकारची, ती तर सरकारने कैद्यांसाठी मुद्दाम तयार केलेली. तिन्हींना मी एकाच नियमाने मोजत होते.

मायाबंदरला मी ज्यांच्या घरी दोन रात्री राहिले त्या पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबातल्या होत्या, साठीच्या. मी त्यांना दीदी म्हणत होते. लहानपणीचं सांगायला लागल्या: कदमतलाजवळ त्यांच्या मामाचं शेत होतं, तिथे संध्याकाळी पितळेची भांडी, कोयते, लोखंडाचं काही बाहेर ठेवायचं नाही, जारवा घेऊन जातात. केळीच्या बागा रातोरात उतरवल्या जात. माणसंही मेली. त्या हे कुठल्याही रागाशिवाय सांगत होत्या. मी बसमधल्या प्रकाराबद्दल बोलले आणि जरा तावातावाने म्हटलं की हा रस्ताच बंद करायला हवा. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘आमच्या सुनेला बाळंतपणात याच रस्त्याने नेलं. बोट तीन दिवस बंद होती.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. पण हा प्रश्न नवा नव्हता. 1998 मध्ये ‘कल्पवृक्ष’, मुंबईची बीएनएचएस आणि अंदमानची ‘सेन’ ही संस्था यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता, आणि शेखर सिंग आयोगाच्या अहवालानंतर मे 2002 मध्ये न्यायालयाने जारवांच्या हद्दीतून जाणारे रस्त्याचे भाग बंद करायचा आदेश दिला होता. तो अमलात आला नाही. पुण्याचे पंकज सेखसरिया यांनी या बेटांवर वर्षानुवर्षं लिहिलं आहे. हे सगळं मी त्यांच्या लिखाणातून शिकले. 2012 च्या चित्रफितीनंतर जानेवारी 2013 मध्ये न्यायालयाने पर्यटकांना या रस्त्यावर काही आठवडे मनाई केली, नंतर ती उठली. माझं मत आता असं आहे की दीदींच्या सुनेसाठी रस्ता राहावा आणि माझ्यासाठी तो बंद व्हावा. दोघींची गरज सारखी नाही. ज्या ताफ्यातून तिला इस्पितळात नेलं, त्याच ताफ्यात मी बाराटांगचा चिखलाचा ज्वालामुखी आणि चुनखडीच्या गुहा बघायला निघाले होते.

मग मोहल्ला कमिटीचं काय? बाबांनी आयुष्यभर जे केलं ते चुकीचं होतं का? यावर मी बरेच दिवस विचार करत होते, कारण हा नियम माझ्यासाठी नुसता विचार नव्हता, घरचा होता. बाबा गेले तेव्हा चाचांनी पार्थिवाला खांदा दिला होता.

शेवटी मला त्यांच्या बैठकीतलं एक साधं दृश्य पुरलं, जे मी लहानपणी अनेकदा पाहिलं होतं. खुर्च्या दोन्हीकडे सारख्या. चाचा रुसले तर येत नसत, आणि कुणी त्यांच्या घरी जाऊन दार ठोठावत नसे. पुढच्या बैठकीला ते आपण होऊन येत. दोघांची भाषा दोघांना कळे. दोघांना तेच ताप, त्याच गोवर-कांजिण्या लहानपणी येऊन गेलेल्या. बैठक संपली की दोघांना परत जायला आपापली गल्ली होती, आणि ती दुसऱ्या दिवशीही त्यांचीच असे. भेट चांगली झाली ती या सगळ्यामुळे. मी त्यातली फक्त भेट उचलली आणि बाकीचं विसरले. अंदमानात खुर्ची एकाचीच आहे. भाषा आपली, बोट आपली, रोग आपले, आणि समोरच्याला नको म्हणायचं असेल तर त्याच्याकडे बाणाखेरीज शब्द नाही.

सेंटिनेली नको म्हणत नव्हते असंही नाही. 1880 मध्ये पोर्टमन हा इंग्रज अधिकारी त्यांच्यातलं एक म्हातारं जोडपं आणि चार मुलं पकडून पोर्ट ब्लेअरला घेऊन गेला. म्हातारी माणसं आजारी पडून मेली. मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडण्यात आलं. ती मुलं आपल्यासोबत काय घेऊन गेली असतील, आणि मोठी झाल्यावर त्यांनी पोरांना काय सांगितलं असेल, याचा अंदाज करायला मानववंशशास्त्र लागत नाही. बाहेरच्यांच्या संबंधातून या लोकांचं नुकसानच झालं, हे खुद्द पोर्टमनने पुढे कबूल केलं. 1974 मध्ये चित्रीकरणाला गेलेल्या पथकातल्या दिग्दर्शकाच्या मांडीत बाण घुसला. 2004 च्या सुनामीनंतर पाहणीला गेलेल्या तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरवर त्यांनी बाण रोखले. म्हणजे ते वाचले होते, कुणाच्या मदतीशिवाय. 2006 मध्ये वाहवत किनाऱ्याला लागलेल्या बोटीतले दोन मच्छिमार मारले गेले.

आणि एकदा ते हो म्हणालेही होते. 4 जानेवारी 1991 ला मानववंशशास्त्रज्ञ मधुमाला चट्टोपाध्याय यांच्या पथकाकडून त्यांनी पाण्यात उतरून नारळ घेतले. त्याच वर्षी टी. एन. पंडित, जे 1967 पासून सरकारच्या अशा संपर्क मोहिमांत होते, तेही गेले. सगळं त्यांच्या अटींवर: नारळ घेऊ, किनाऱ्यावर येऊ देणार नाही. आपल्याकडच्या शहाण्या माणसांनी यातून योग्य अर्थ काढला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सरकारने या भेटी थांबवल्या, आणि पंडितांनीही पुढे हेच मत मांडलं की त्यांना त्यांच्यावर सोडावं. मला ज्या मोहिमेची हौस होती, ती करून झालेल्या माणसाचं हे मत आहे.

1956 चा आदिम जमाती संरक्षण नियम आहे, बेटाभोवती पाच सागरी मैलांची मनाईची हद्द आहे, तटरक्षक दलाची गस्त आहे. तरीही मार्च 2025 मध्ये एक अमेरिकन तरुण रबरी होडीतून तिथे उतरला, किनाऱ्यावर नारळ आणि सोड्याचा कॅन ठेवून चित्रीकरण करून परत आला आणि पकडला गेला. त्याच्या बातमीखालच्या प्रतिक्रिया वाचताना मला माझाच डब्याच्या वेळचा आवाज ऐकू आला. फक्त आता केबल आली आहे आणि कॅमेरा प्रत्येकाकडे आहे.

या मतबदलाची एक अडचण मला माझ्याच बाजूच्या लोकांनी दाखवली. पाठीवर सॅक घेतलेल्या एकट्या बाईला अडवायचं, मग मोठ्यांचं काय? रास्त प्रश्न आहे. ग्रेट निकोबार बेटावर गॅलाथिया खाडीत मोठं बंदर, विमानतळ, वसाहत उभारायची आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली, 130 चौरस किलोमीटरहून जास्त जंगल त्यात जाणार आहे. त्या जंगलात शोंपेन राहतात, 2011 च्या जनगणनेप्रमाणे 229 माणसं, बाहेरच्या जगाशी जेमतेम संबंध असलेली. माझ्यासारखीने तिथे पायसुद्धा ठेवू नये म्हणून परवाने लागतात आणि लाखो माणसांची वस्ती मात्र चालते, हे मला समजत नाही. न भेटण्याचा हक्क असेल तर तो जहाज कंपन्यांपासूनही असायला हवा.

मी फिरणं थांबवलेलं नाही. भिवंडीबद्दल विचारलं तर अजूनही ते जुनं उत्तर देते, 1970 पासून 1993 पर्यंत, कारण ते आमच्या गावाबद्दल खरं आहे. कुणाला यायचं असेल तर जरूर या, चाचांच्या मुलाचं दुकान दाखवते, वज्रेश्वरीच्या गरम कुंडांना नेते. इथे येऊन बघा, असं आम्ही स्वतः म्हणतोय. जारवा आणि सेंटिनेली तसं कधीच म्हणाले नाहीत.

अंदमानला जाणाऱ्यांना एवढंच सांगेन, एकट्या बायकांना तर आवर्जून: बिनधास्त जा. जेल बघा, आणि ॲबर्डीनच्या लढाईचं स्मारकही शोधा. उत्तरेकडे जायचं असेल तर रंगत, मायाबंदर, दिगलीपूरला पोर्ट ब्लेअरहून सरकारी बोटी जातात. वेळापत्रक लहरी आहे, हाताशी दोन दिवस जास्त ठेवा. टूरवाला जिरकाटांगच्या पहाटेच्या ताफ्यातून बाराटांगची एक दिवसाची सहल देऊ करेल, आणि ‘नशीब असेल तर जारवा दिसतील’ असं हळूच म्हणेल. ती सहल घेऊ नका.